जाहीरनामा तळापासून वाचावा: इंग्लंडच्या यादवीतले कागद हाताळताना

निवडणुकीचं पत्रक हातात आलं की आमचे अण्णा ते खालून वर वाचायचे. आधी तळाची बारीक ओळ, मग सही, मग तारीख, आणि मजकूर सगळ्यांत शेवटी. सांगलीत आमचा छापखाना होता. साखर कारखान्याच्या निवडणुकीत दोन्ही पॅनेलची पत्रकं आमच्याच ट्रेडलवर निघायची. सकाळी एकाचं, संध्याकाळी त्याला दुसऱ्याचं उत्तर. छापखाना बंद झाल्यावर मला सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या जाहीरनाम्यांचा नाद लागला, पण वाचायची रीत अण्णांचीच राहिली. तीच इथे सांगते.

आधी पार्श्वभूमी, आणि तीही घाईत. राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांचं १६४२ साली युद्ध जुंपलं. राजा हरला, ३० जानेवारी १६४९ रोजी त्याचं डोकं उडवलं गेलं. अकरा वर्षं राजाविना गेली, त्यांतली बरीचशी पार्लमेंटच्या फौजेचा पुढारी ऑलिव्हर क्रॉमवेल याच्या धाकात. १६६० मध्ये दुसरा चार्ल्स परत आला. १६८५ मध्ये त्याचा कॅथलिक भाऊ दुसरा जेम्स गादीवर आला, त्याच वर्षी त्याच्याविरुद्ध मॉनमथ नावाच्या ड्यूकचं बंड झालं ते चिरडलं गेलं, आणि १६८८ मध्ये हॉलंडहून विल्यम उतरला, त्याने आपला सासरा दुसरा जेम्स याला पळवून लावलं. या प्रत्येक वळणावर तलवारीबरोबर कागद निघाला, पुष्कळदा तलवारीच्या आधी. जुलै १६४१ मध्ये स्टार चेंबर हे न्यायालय रद्द झालं, त्याबरोबर छपाईवरचा पहारा ढासळला आणि लंडनमध्ये कागदाचा पूर आला. सेंट पॉल चर्चच्या आवारातला जॉर्ज थॉमसन नावाचा पुस्तकविक्रेता १६४० पासून मिळेल तो कागद जमवत गेला. १६६१ पर्यंत त्याच्याकडे बावीस हजारांच्या आसपास नग झाले. ते आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्याने बऱ्याच कागदांवर आपल्या हाताने तारीख टाकून ठेवली आहे. छापलेली तारीख आणि थॉमसनची शाईची तारीख यांत फरक दिसला तर तो टिपून ठेवा. कागद सही झाल्यावर लंडनच्या बाजारात किती दिवसांनी पोचला, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

आता तळाची ओळ. मुद्रक कोण, गाव कोणतं. राजाच्या बाजूच्या कागदावर १६४२ च्या वसंतात ‘यॉर्क, रॉबर्ट बार्कर, महाराजांचा मुद्रक’ असं दिसेल, कारण राजा लंडन सोडून यॉर्कला गेला होता आणि छापखानाही मागोमाग गेला. पुढे राजाचा मुक्काम ऑक्सफर्डला हलला, तिथे लेनर्ड लिचफील्ड हे नाव येतं. पार्लमेंटच्या बाजूला एडवर्ड हजबंड्स वारंवार भेटतो. पण नावाला भुलू नका. हा बार्कर १६३५ पासून कर्जापायी लंडनच्या तुरुंगात होता आणि तिथेच मेला. यॉर्कच्या कागदांवर छापलं गेलं ते फक्त त्याचं पद. (याच बार्करच्या छापखान्याने १६३१ मध्ये बायबल काढताना दहा आज्ञांतल्या एकीतला ‘नको’ गाळला आणि व्यभिचार कर अशी आज्ञा छापून बसला. तीनशे पौंड दंड झाला. प्रूफ तपासणाऱ्या कोणालाही ही गोष्ट ऐकून झोप येणार नाही.) शिवाय राजाचे कागद लंडनमध्येही पुन्हा छापले जात. ‘यॉर्कला छापलेलं, आता लंडनला पुन्हा’ अशी ओळ दिसली, तर छापणारा राजाचा माणूस असेलच असं नाही. खपतंय म्हणून छापणारेही होतेच. हे आमच्या धंद्यात कोणालाच नवीन नाही.

तळाशीच तारीख असते, आणि नवा वाचक इथे हमखास अडखळतो. इंग्लंडमध्ये तेव्हा कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे राजाच्या वधाच्या वेळच्या कागदांवर ‘जानेवारी १६४८’ दिसेल, तो आपला १६४९. त्यातच इंग्लंडची दिनदर्शिका युरोपच्या बऱ्याच भागाच्या दहा दिवस मागे होती. पार्लमेंटच्या कागदावर वार लॅटिनमध्ये असतो, ‘डाय मर्क्युरी’ म्हणजे बुधवार, ‘डाय सॅबाटी’ म्हणजे शनिवार, आणि खाली कारकुनाचं नाव: कॉमन्स सभेचा हेन्री एल्सिंग किंवा लॉर्ड्स सभेचा जॉन ब्राउन. राजाच्या कागदावर राज्यारोहणापासून मोजलेलं वर्ष असतं. या शेवटच्या प्रकाराकडे नीट पाहा, कारण तिथे राजकारण दडलेलं असतं. उदाहरण पुढे येईल.

तारखेनंतर कागदाची जात ओळखा. प्रोक्लमेशन म्हणजे राजाचा हुकूम. एकाच मोठ्या तावावर, वर राजचिन्ह, जाड गॉथिक खिळ्यांत मजकूर, शेवटी ‘देव राजाचं रक्षण करो’. तो ग्रेट सीलच्या, म्हणजे राजमुद्रेच्या, बळावर निघायचा, बाजारपेठेत मोठ्याने वाचला जायचा. डिक्लरेशनमध्ये हुकमापेक्षा कैफियत जास्त: आम्ही असं का केलं, दोष कोणाचा. ते अनेक पानी असतं, सहसा साध्या रोमन अक्षरांत. तिसरी जात ऑर्डिनन्स, म्हणजे पार्लमेंटचा वटहुकूम. राजाच्या संमतीशिवाय कायदा होत नाही, म्हणून दोन्ही सभांनी त्याला कायदा न म्हणता ऑर्डिनन्स म्हटलं आणि लोकांनी तो कायद्यासारखाच पाळावा अशी अपेक्षा ठेवली. मे १६४२ मध्ये राजमुद्रा सांभाळणारा लॉर्ड कीपर लिटल्टन मुद्रेसकट राजाला जाऊन मिळाला, तेव्हा पार्लमेंटची पंचाईत झाली. १६४३ मध्ये त्यांनी स्वतःची दुसरी राजमुद्रा घडवली. राजा एक आणि राजमुद्रा दोन! त्यामुळे त्या वर्षानंतरच्या कागदावर शिक्का आहे एवढं पाहून भागत नाही. शिक्का कोणता, हेही विचारावं लागतं.

इथपर्यंत आल्यावर मजकुराकडे वळा, आणि वाचताना एकच प्रश्न हातात धरा: हा कागद कोणाच्या नावाने बोलतोय, आणि ते नाव वापरायचा हक्क त्याला कुठून मिळाला? माझ्या मते या सगळ्या शतकाची खरी मारामारी याच प्रश्नावर आहे.

सरावासाठी १६४२ ची जोडी घ्या. ५ मार्चला पार्लमेंटने मिलिशियाचा, म्हणजे जिल्ह्याजिल्ह्यांतल्या स्थानिक फौजेचा, ताबा आपल्या माणसांकडे देणारा ऑर्डिनन्स काढला. २७ मे रोजी राजाने यॉर्कहून प्रोक्लमेशन काढून तो पाळायला बंदी केली. आमच्या हुकमाशिवाय फौज जमवेल तो कायदा मोडतो, असा त्याचा रोख. राजाचं बोलणं सरळ आहे: राजा मी, फौज माझी. ६ जूनला दोन्ही सभांनी उत्तर दिलं, आणि हे उत्तर सावकाश वाचण्यासारखं आहे. त्याचा मथितार्थ असा: पार्लमेंट हे राज्याचं सर्वोच्च न्यायालय आहे, तिथे जे ठरतं त्यावर राजसत्तेची मोहोर असते, वाईट सल्लागारांच्या नादी लागून महाराज स्वतः त्याला विरोध करत असले तरीही. म्हणजे राजाच्या नावाने राजाविरुद्ध फौज! पुढे पार्लमेंटचा सेनापती अर्ल ऑफ एसेक्स याची सेना ‘राजा आणि पार्लमेंट’ यांच्यासाठी म्हणून निघाली, आणि तिच्यासमोर राजा उभा होता. ही ढोंगबाजी आहे असं म्हणून पान उलटू नका. ज्या देशात राजद्रोहाची शिक्षा पोट फाडून मरण ही होती, तिथे सामान्य जमीनदाराला फौजेत यायला हीच वाक्यरचना धीर देत होती. ‘वाईट सल्लागार’ हे शब्द कुठे येतात, आणि कोणत्या वर्षानंतर येईनासे होतात, हे पेन्सिलीने खुणा करत शोधा. ४ जानेवारी १६४९ रोजी कॉमन्सने ठराव केला की ईश्वराखालोखाल जनता हीच सर्व न्याय्य सत्तेचा उगम आहे. तिथे सल्लागार नाहीत आणि राजाही नाही. या दोन कागदांमध्ये साडेसहा वर्षं आहेत.

कोणाला उद्देशून लिहिलंय, हेही बघा. मथळ्यात राजाचं नाव असलं तरी मजकूर दुसऱ्याच्याच कानासाठी असू शकतो. याचा नमुना ग्रँड रिमॉन्स्ट्रन्स. राजाच्या कारभाराविरुद्ध २०४ कलमांची तक्रार. २२ नोव्हेंबर १६४१ ला मध्यरात्र उलटेपर्यंत वाद चालून ती १५९ विरुद्ध १४८ मतांनी मंजूर झाली. अकरा मतं! १ डिसेंबरला राजाला दिली, आणि १५ डिसेंबरला छापायचा निर्णय झाला. सर एडवर्ड डेरिंग नावाच्या सभासदाने वादाच्या वेळीच दुखणं नेमकं सांगितलं होतं: आपण खालच्या दिशेने गाऱ्हाणं मांडू, लोकांना गोष्टी सांगू आणि राजाविषयी तिऱ्हाइतासारखं बोलू, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. गंमत म्हणजे पुढे या डेरिंगनेच आपली भाषणं छापली आणि त्यापायी सभेतून हाकलला जाऊन टॉवरमध्ये, म्हणजे लंडनच्या किल्ल्यातल्या तुरुंगात, गेला. लोकांना सांगण्याचा मोह त्यालाही आवरला नाही. तेव्हा अर्जासारखा दिसणारा कागद आला की तो छापला कधी आणि कोणाच्या आदेशाने, हे पाहून मगच त्याला अर्ज म्हणा.

पुढची सवय लावायची ती म्हणजे उत्तर शोधण्याची. एकटा जाहीरनामा वाचणं म्हणजे फोनवर बोलणाऱ्या माणसाचं एकाच बाजूचं ऐकणं. १६४७ च्या मार्चअखेरीस सैनिकांनी थकलेला पगार वगैरे मागण्यांचा अर्ज तयार केला, तर पार्लमेंटने अर्जदारांना राज्याचे शत्रू म्हणणारं डिक्लरेशन काढलं. डेन्झिल हॉलिस या सभासदाने ते रात्री सभेतच गुडघ्यावर कागद ठेवून खरडलं होतं, आणि ते तसंच वाचायला लागतं: रागाचं. १४ जूनला सेंट ऑल्बन्सहून सैन्याने आपलं डिक्लरेशन काढलं. त्यात ते म्हणतात, आम्ही कोणाही मनमानी सत्तेची चाकरी करायला भाड्याने घेतलेली निव्वळ पोटभरू फौज नाही, पार्लमेंटच्याच निरनिराळ्या डिक्लरेशनांनी आम्हाला आपल्या आणि जनतेच्या हक्कांच्या रक्षणासाठी हाक घातली होती. पाहा, पार्लमेंटने राजाविरुद्ध छापलेले कागद सैन्याने जपून ठेवले होते, आणि आता तेच पार्लमेंटपुढे धरले. वाचताना प्रतिस्पर्ध्याच्या कोणत्या जुन्या कागदाचा हवाला दिलाय ते टिपा आणि तो कागद शोधून काढा. दोन-तीन पायऱ्या मागे गेलात की सगळी साखळी हाती येते. त्याच नोव्हेंबरात वेअरजवळच्या कॉर्कबुश मैदानात काही सैनिक ‘अग्रीमेंट ऑफ द पीपल’ हा नव्या राज्यघटनेचा मसुदा टोपीत खोचून संचलनाला आले. रिचर्ड आर्नल्ड या सैनिकाला तिथेच गोळी घातली गेली. कागद नुसता वाचायचा नसतो, अंगावरही घालायचा असतो, हे त्या टोप्यांमुळे माझ्या ध्यानात आलं.

मोठ्याने वाचणं हा वेगळाच भाग आहे, आणि संगणकावर वाचताना आपण तो विसरतो. २२ ऑगस्ट १६४२ ला नॉटिंगहॅमला राजाने निशाण उभारलं. हेरल्ड, म्हणजे राजाचा भाट-अधिकारी, प्रोक्लमेशन वाचणार तोच राजाला मजकूर पटेना. त्याने दौत-लेखणी मागवून तिथल्या तिथे खाडाखोड केली, आणि बिचाऱ्या हेरल्डला ते गिचमीड अक्षर अडखळत वाचावं लागलं. युद्धाची घोषणा अशी! राजाचा सल्लागार आणि पुढे या यादवीचा इतिहास लिहिणारा क्लॅरेंडन म्हणतो की त्याच रात्री वाऱ्याने निशाण पडलं. म्हणून छापील प्रत हाती आली तरी ती कुठे, कोणी, कोणासमोर वाचली हे शोधा. वाचायला नकार देणारे तर फारच बोलके. राजाला मारलं त्या दिवशी वधाला उशीर झाला, कारण त्याच सकाळी कॉमन्सला घाईघाईने कायदा करावा लागला की कोणीही नव्या राजाची घोषणा करायची नाही. कुऱ्हाड पडताक्षणी कोणीतरी ‘राजा मेला, राजा चिरायू होवो’ ओरडलं असतं तर सगळंच मुसळ केरात. मार्चमध्ये राजपद रद्द झालं, तेव्हा ती घोषणा शहरात करायचं लंडनचा मेयर अब्राहम रेनार्डसन याने नाकारलं. त्याचं पद गेलं, दंड झाला, टॉवरमध्ये रवानगी झाली. नवा मेयर टॉमस अँड्रूज बसला, आणि घोषणा झाली ती मेअखेरीस. कायदा मार्चचा, आवाज मेचा. १६८८ च्या मेमध्ये दुसऱ्या जेम्सने धर्मस्वातंत्र्याचं डिक्लरेशन चर्चमधून वाचायचा हुकूम दिला तेव्हाही असंच. सात बिशपांनी लेखी हरकत घेतली, त्यांच्यावर खटला भरला, ३० जूनला ते निर्दोष सुटले. लंडनच्या फार थोड्या चर्चमध्ये तो कागद वाचला गेला.

आता आश्वासनं कशी वाचायची. यासाठी ब्रेडाचं डिक्लरेशन. ४ एप्रिल १६६०. तळाशी तारीख ४ आणि १४ अशी दुहेरी, कारण कागद हॉलंडमधून निघाला. पुढे लिहिलंय, ‘आमच्या कारकिर्दीच्या बाराव्या वर्षी’. दुसरा चार्ल्स अजून परदेशात, गादीवर बसलेला नाही, आणि बारावं वर्ष? बापाचं डोकं पडलं त्या दिवसापासून तो मोजतोय. मधलं प्रजासत्ताक, क्रॉमवेल, सगळं त्या एका तारखेत पुसून टाकलं आहे. मजकुरात एकही रागाचा शब्द न घालता हे साधलंय. एडवर्ड हाइडच्या, म्हणजे वर आलेल्या क्लॅरेंडनच्याच, हातचा हा मसुदा आहे, आणि मला या सगळ्या शतकातला हा सर्वांत हुशार कागद वाटतो.

आश्वासनं चार आहेत. चाळीस दिवसांत जो निष्ठा जाहीर करील त्याला माफी. धर्माच्या बाबतीत कोणाला त्रास नाही. यादवीत हातोहात गेलेल्या जमिनींचा निवाडा. सैन्याचा थकलेला पगार. आता प्रत्येक आश्वासनाच्या पुढचं अर्धं वाक्य वाचा. माफी, पार्लमेंट ज्यांना वगळेल ते सोडून. धर्मस्वातंत्र्य, आणि तसा कायदा पार्लमेंटने पुढे आणला तर आम्ही संमती देऊ. जमिनी, पार्लमेंट ठरवेल तसं. पगार, तोही पार्लमेंटच्या कायद्याने. राजाने शब्द दिला आणि तो पाळायची जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात अडकवली. त्यामुळे ऑक्टोबर १६६० मध्ये बापाच्या वधाला जबाबदार ठरलेल्या दहा जणांना हालहाल करून मारलं तेव्हा वचनभंग झाला नाही, पार्लमेंटने त्यांना वगळलं होतं. सगळ्या चर्चमध्ये एकच उपासनापद्धत सक्तीची करणाऱ्या १६६२ च्या युनिफॉर्मिटीच्या कायद्याने धर्मोपदेशक मोठ्या संख्येने पदं गमावून बसले, १६६० पासूनचे धरून सुमारे दोन हजार, तेव्हाही राजा म्हणू शकत होता की तसा कायदा मला कोणी आणून दिलाच नाही. जाहीरनाम्यातलं प्रत्येक ‘देऊ’ सापडलं की देणारा हात कोणाचा ते पाहा.

न लिहिलेलंही वाचायचं असतं. विल्यमचं हेगचं डिक्लरेशन, ३० सप्टेंबर १६८८, डच मुत्सद्दी गास्पार फागेलने रचलं आणि धर्मोपदेशक गिल्बर्ट बर्नेटने इंग्रजीत आणलं. त्यात म्हटलंय की या मोहिमेचा हेतू एकच, मुक्त आणि कायदेशीर पार्लमेंट लवकरात लवकर बोलावणं. राजमुकुटाचं नाव नाही. २ नोव्हेंबरला जेम्सने प्रोक्लमेशन काढून ते वाचायला, बाळगायला, वाटायला बंदी केली, ५ तारखेला विल्यम टॉरबेला उतरला, आणि १३ फेब्रुवारी १६८९ ला तो राजा झाला. याच्याशेजारी तीन वर्षांपूर्वीचं मॉनमथचं डिक्लरेशन ठेवा, लाइमचं, ११ जून १६८५, लेखक रॉबर्ट फर्ग्युसन. जेम्सने लंडन जाळलं, भावाला विष घातलं, सगळे आरोप एकदम. थयथयाट आहे नुसता. नऊ दिवसांत टॉन्टनला त्याने स्वतःला राजा घोषित केलं, ६ जुलैला सेजमूरला फौज बुडाली, १५ ला मान गेली. फौजांच्या बळातला फरक मोठा होताच. तरी ज्याला जमीनदारवर्ग आपल्याकडे वळवायचा आहे त्याने किती आणि काय गाळावं, हे या दोन कागदांवरून शिकता येतं.

खोट्या कागदांपासून मात्र जपा. १६८८ च्या डिसेंबरात विल्यमच्या नावाचं ‘तिसरं डिक्लरेशन’ लंडनभर फिरलं. शेरबोर्नचा मुक्काम, २८ नोव्हेंबर, सगळं पटण्यासारखं. शस्त्रं बाळगणाऱ्या कॅथलिकांना दरोडेखोरांसारखं वागवावं, असा त्यात दम होता. विल्यमने ते आपलं नसल्याचं सांगितलं, आणि पुढे ह्यू स्पीक नावाच्या माणसाने ते मीच लिहिलं अशी फुशारकी मारली. ओळखायची खूण सुरात आहे. पहिल्या डिक्लरेशनातला विल्यम तोलून मापून बोलतो, हा आरडाओरडा करतो.

आपल्याकडचाही एक कागद या रांगेत बसतो. मुंबई बेट दुसऱ्या चार्ल्सने १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिलं होतं. कंपनीने खर्चाला कात्री लावली, सैनिकांचे पगार घटले, आणि २७ डिसेंबर १६८३ रोजी इथल्या फौजेचा प्रमुख रिचर्ड केग्विन याने डेप्युटी गव्हर्नर चार्ल्स वॉर्ड याला कैद करून घोषणा केली की कंपनीचा अंमल संपला, बेट थेट राजाचं. संभाजी महाराजांशी वाटाघाटीही त्याने राजाचा गव्हर्नर या नात्याने केल्या. राजाने असं काही सांगितलं नव्हतं. नोव्हेंबर १६८४ मध्ये सर टॉमस ग्रँथम राजाचा आदेश घेऊन आला, आणि माफीच्या अटीवर केग्विनने बेट सोडलं. वरचे सगळे प्रश्न याला लावून पाहा: नाव कोणाचं, हक्क कुठून, दोष कोणाला, आणि कानावर कोणाच्या.

सुरुवात करणाऱ्याने फार पसारा मांडू नये. ब्रिटिश हिस्टरी ऑनलाइनवर दोन्ही सभांची रोजनिशी आणि राजाविना काळातले ऑर्डिनन्स फुकट वाचायला मिळतात. अर्ली इंग्लिश बुक्स ऑनलाइनच्या संग्रहातल्या बऱ्याच कागदांचा टाइप केलेला मजकूरही मोफत आहे, त्यामुळे एफसारखा दिसणारा लांबडा एस डोळ्यांना छळत नाही. शक्य असेल तेव्हा मूळ पानाचं चित्रही उघडा, कारण गॉथिक खिळे आणि राजचिन्ह टाइप केलेल्या मजकुरात दिसत नाहीत. पहिल्या आठवड्यात २७ मे आणि ६ जून १६४२ हे दोनच कागद घ्या, शेजारी शेजारी ठेवा, आणि ‘राजा’ हा शब्द दोन्हीकडे कोणत्या वाक्यात काय काम करतोय ते समासात लिहीत जा. ब्रेडा त्यानंतर.